सहीशिवाय संमती

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, ज्या मुस्लीम कुटुंबांचा भार एकट्या बाईवर आहे अशा कुटुंबांचा अभ्यास मी समाजकार्य विषयातील पीएच.डी.साठी केला. त्यांत विधवा होत्या, तलाक झालेल्या होत्या, आणि नवऱ्याने ना नांदवलेल्या ना सोडलेल्या, वर्षानुवर्षे माहेरी राहणाऱ्याही होत्या. अभ्यासाचे निष्कर्ष प्रबंधात आहेत. ते येथे पुन्हा मांडण्याचे कारण नाही. लिहायचे आहे ते त्या प्रक्रियेतील अशा भागाविषयी, ज्याला संशोधनपद्धतीच्या प्रकरणात जेमतेम एक परिच्छेद मिळतो आणि ज्यावर प्रत्यक्षात माझा सर्वाधिक वेळ गेला. तो भाग म्हणजे, जिची माहिती घ्यायची तिची संमती.

जिल्हा निवडण्याचे कारण सरळ होते. २००८–०९ मध्ये केंद्र सरकारने देशातील ९० जिल्हे अल्पसंख्याकबहुल म्हणून विशेष कार्यक्रमासाठी निवडले, तेव्हा मराठवाड्यातून परभणी आणि हिंगोली हे दोन जिल्हे त्या यादीत होते. त्यामागे सच्चर समितीच्या कामाची पार्श्वभूमी होती. देशातील मुस्लीम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी ही समिती मार्च २००५ मध्ये नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिने अहवाल दिला. पुढे महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये नेमलेल्या मेहमूदुर रहमान समितीनेही २०१३ मध्ये राज्यातील मुस्लीम समाजाच्या स्थितीचा अहवाल सादर केला. शिक्षण, नोकऱ्या, बँकांचे कर्ज यांविषयी या अहवालांत पुष्कळ आहे. मात्र समाजाची सरासरी काढली की घराच्या आत काय चालते ते दिसेनासे होते. त्या घरात कोण कोणाच्या जिवावर जगते, निर्णय कोण घेते, आजारपणात पैसा कोठून येतो, या प्रश्नांसाठी घरोघरी जाण्याला पर्याय नव्हता.

घरोघरी जायचे तर घरांची यादी हवी, आणि ती कोठेच नव्हती. जनगणना शेवटची झाली ती २०११ मध्ये; २०२१ ची झालीच नाही. मतदारयादीत बाईच्या नावापुढे नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव असते, पण ती त्याच्यासोबत राहते की नाही, हे यादीला माहीत नसते. शिधापत्रिकेचा आधार घ्यावा असे प्रथम वाटते, कारण २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातील तेराव्या कलमानुसार घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानली जाते. परिणामी, कागदावर घरोघर कुटुंबप्रमुख बाईच दिसते, आणि ज्यांचा मला शोध होता त्या मात्र दिसत नाहीत. माहेरी परतलेल्या बाईचे नाव बहुधा सासरच्या पत्रिकेवरच अडकलेले असते. माणशी पाच किलो धान्य सासरी उचलले जाते आणि ती जेवते आईच्या घरी. जनगणनेची व्याख्या एकाच स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांना एक कुटुंब मानते; मला तर एकाच पत्र्याच्या खोलीत दोन चुली आढळल्या, एक भावजयीची आणि एक नणंदेची. म्हणून मी व्याख्या मोजणीपुरती बाजूला ठेवली आणि प्रत्येक बाईलाच विचारले की तुझ्या घरात कोण कोण आहे. बहुतेकींनी प्रथम मुलांची नावे घेतली, नंतर आईचे, आणि भावाच्या नावाशी थोडे थांबून मगच ठरवले.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा विषय आता सक्तीचा आहे, पण त्याचा भर वाङ्मयचौर्य, नियतकालिके आणि उद्धरणे यांवर आहे. ज्यांच्याकडे आपण माहिती मागायला जातो त्यांच्याशी कसे वागावे, हे त्यात फारसे येत नाही, आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्याला तर तेच प्रथम लागते. समितीपुढे ठेवलेले माझे संमतिपत्र दोन पानांचे होते. त्यात अभ्यासाचा हेतू, गोपनीयतेची हमी, कधीही माघार घेण्याचा हक्क, आणि शेवटी नाव, सही किंवा अंगठा, दिनांक असे सर्व यथासांग होते. समितीने ते तसेच मान्य केले.

मोहल्ल्यात ते पत्र पहिल्याच घरांत अडले. बाया माझ्याशी बोलत होत्या, चहा देत होत्या, शेजारणीला हाक मारून बसवत होत्या. पिशवीतून कागद निघाला की मात्र बोलणे थांबे. एका वयस्क खालांनी स्पष्टच सांगितले, "अंगूठा नै लगाती मैं. बाकी क्या पूछना सो पूछो." कारण विचारावे लागले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, त्यापाठोपाठ एप्रिल २०२० पासून राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे काम घरोघरी होणार होते. टाळेबंदीमुळे ते पुढे ढकलले गेले, पण त्या काही महिन्यांत, नागरिकत्व सिद्ध करावे लागेल या धास्तीने, या घरांनी जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या नावचे उतारे शोधण्यात जे दिवस घालवले ते कोणी विसरलेले नाही. नावांतील एका अक्षराचा फरकही तेव्हा झोप उडवणारा होता. शाळेच्या दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शे.', मतदान कार्डावर काहीच नाही, असे घरोघरी आहे. त्याच खालांच्या आईने सप्टेंबर १९४८ मधली, हैदराबाद संस्थानावरची पोलीस ॲक्शन पाहिली होती आणि तेव्हापासून घरातले कागद एका पत्र्याच्या पेटीत असतात. ती पेटी त्यांनी मला दाखवली, उघडली मात्र नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या स्त्रियांची माहिती देण्याला हरकत नव्हती. नवऱ्याने केव्हा सोडले, भाऊ काय बोलतो, मुलीचे शिक्षण का थांबले, हे सर्व त्या सांगायला तयार होत्या. हरकत होती ती स्वतःचे नाव आणि अंगठ्याचा ठसा अनोळखी माणसाच्या फायलीत जाण्याला. म्हणजे ज्या कागदाने त्यांचे संरक्षण व्हावे असे नियमांना अपेक्षित आहे, नेमका तोच त्यांच्या लेखी या भेटीतला एकमेव धोका होता. आणि खरे सांगायचे तर त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. सहीचे पत्र जपले जाते ते संस्थेच्या कपाटात, आणि उद्या वाद निघाला तर ते उपयोगी पडते संस्थेला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे मूलतः वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, तरी सामाजिक संशोधनालाही त्यांचा आधार घेतला जातो. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीला निःपक्ष साक्षीदारासमोर माहिती वाचून दाखवणे, विशिष्ट परिस्थितीत समितीच्या परवानगीने तोंडी संमती घेणे, आणि परिस्थिती बदलल्यास पुन्हा संमती घेणे, या वाटा त्यांत आहेत. त्यांचा हवाला देऊन मी समितीकडे दुरुस्तीचा अर्ज केला. तेथील चर्चा वाटली त्यापेक्षा लांबली. एका सदस्यांनी विचारले की सही नाही, नाव नाही, तर या मुलाखती झाल्या याचा पुरावा कोणता. घरी बसून कोणी पंचवीस मुलाखती लिहून काढल्या तर? प्रश्न मला खटकला, पण अवाजवी नव्हता. बनावट मुलाखती हा आपल्या विद्यापीठीय संशोधनातील उघड आजार आहे आणि त्याविषयी बोलले कमी जाते.

शेवटी जी पद्धत ठरली ती अशी होती. संमतिपत्राऐवजी एक पानी मजकूर दखनीत, म्हणजे या बायांच्या उर्दू बोलीत, देवनागरी लिपीत लिहायचा आणि तो बाईपुढे मोठ्याने वाचायचा. ऐकायला तिने स्वतः निवडलेली एक व्यक्ती बसवायची. त्या साक्षीदाराने फक्त 'माझ्यासमोर हे वाचले गेले आणि बाईने हो म्हटले' एवढ्यावर सही करायची. त्या कागदावर बाईचे नाव नाही, केवळ एक क्रमांक. ज्या स्त्रियांची तयारी असेल त्यांतील काहींना माझ्या मार्गदर्शक मॅडम स्वतः येऊन भेटणार, म्हणजे मुलाखत खरी असल्याची खातरजमा सहीशिवाय होईल. साक्षीदार म्हणून कोणी धाकट्या बहिणीला बसवले, कोणी अंगणवाडीताईंना, एकीने शेजारच्या मराठा कुटुंबातील वहिनींना. घरातील पुरुषाला जवळजवळ कोणीच निवडले नाही, ही बाबही पुढे विश्लेषणात आली.

गावात प्रवेश कोणामार्फत करायचा, हा प्रश्न त्याच सुमारास सोडवायचा होता. जमातीच्या, म्हणजे मोहल्ल्यातील मुस्लीम पंचायतीच्या, सदरांना (अध्यक्षांना) भेटल्याशिवाय कोणी बोलणार नाही, असे मला अनेकांनी सांगितले होते. मी त्यांना भेटले, अभ्यास समजावून सांगितला. त्यांनी आदराने ऐकले आणि मशिदीतून जाहीर करू का, असे विचारले. मी नको म्हटले. ज्या तलाकांचा निवाडा जमातीपुढे झाला त्यांविषयी त्याच जमातीच्या शिफारशीने बोलते करणे म्हणजे उत्तर आधीच ठरवण्यासारखे होते. प्रत्यक्षात दार उघडले ते शिवणकामामुळे. मोहल्ल्यातील एका शिलाईवाल्या भाभींकडे सगळ्या गल्लीतल्या बायांचे येणे-जाणे होते. मी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकले आणि तेथे बसून राहिले. एकीने दुसरीचे नाव सांगत जाण्याच्या या पद्धतीची मर्यादा उघड आहे. एका गोतावळ्यातल्याच बाया पुन्हा पुन्हा भेटतात, आणि जिच्याशी कोणी बोलत नाही ती यादीत येतच नाही. म्हणून आशाताई, रेशन दुकानाबाहेरची रांग आणि बचत गट अशा इतर ठिकाणांहूनही मी सुरुवात केली. बचत गटांत मात्र काही स्त्रिया व्याजाचा व्यवहार धर्माला मान्य नसल्यामुळे मुळातच जात नाहीत, हे तेथे गेल्यावर कळले.

मुलाखतीची वेळ दुपारच्या जुहरच्या नमाजानंतर, तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजाआधी. त्या वेळी पुरुष कामावर आणि मुले शाळेत असतात. शिवणाऱ्या बाईने तासभर माझ्याशी बोलायचे म्हणजे तेवढी शिलाई बुडते, आणि भरपाईचे पैसे द्यावेत तर ते आमिष ठरेल अशी समितीला भीती होती. मधला मार्ग म्हणून मी मशीन थांबवू नका असे सांगितले. त्यामुळे परवानगीने केलेल्या ध्वनिमुद्रणांत मशीनची घरघर बोलण्याइतकीच आहे, आणि ती ऐकून लिहून काढताना माझी संध्याकाळ जाई. एकांत असा नव्हताच. पातळ पत्र्याच्या भिंतीपलीकडे दुसरे घर असते. प्रत्येकीशी आधीच ठरवलेले असे की कोणी आत आले तर विषय बदलायचा; तेव्हा मी लगेच बाहीची मापे विचारू लागत असे. अनेक मुलाखतींच्या मधोमध ही मापे आहेत.

२०२४ साल अशा कामाला सोयीचे नव्हते. मार्चमध्ये रमजान सुरू झाला आणि मी भेटी बंद ठेवल्या. ईदनंतर लगेच लोकसभेची निवडणूक. परभणीचे मतदान २६ एप्रिलला होते, आणि त्या दिवसांत वही घेऊन गल्लीत फिरणारी प्रत्येक व्यक्ती कोणत्या ना कोणत्या पक्षाची समजली जाते. मतदान होईपर्यंत मी गावात पाऊल ठेवले नाही. नंतर जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा अडचण उलट दिशेने आली. आता बाया स्वतःहून आधार कार्ड हातात घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. कालपर्यंत कागदाला भिणारी बाई दरमहा दीड हजार रुपयांसाठी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभी राहते, यात विसंगती काहीच नाही. त्या कागदाचे काय होणार हे तिला माहीत असते. माझ्यापुढे मात्र वेगळा पेच होता. मला उत्तरे दिली तर योजनेत नाव लागेल, या समजुतीने दिलेला होकार हा होकार नव्हे. म्हणून वाचण्याच्या मजकुरात पहिलेच वाक्य बदलले: 'मी सरकारची नाही, माझ्याकडून पैसे किंवा योजना मिळणार नाही.' ते ऐकून काहीजणी उठून गेल्या. ज्या बसल्या त्यांच्या मुलाखती मी वापरल्या.

पुन्हा संमती घेणे ही गोष्ट कागदावर औपचारिक वाटते. मी प्रत्येक पुढच्या भेटीच्या सुरुवातीला मागच्या वेळी तिने काय सांगितले ते थोडक्यात सांगत असे आणि यातले काही काढायचे आहे का, असे विचारत असे. बहुतेक वेळा उत्तर 'रहने दो' असे येई. एका बाईने मात्र भावाविषयीचा सर्व भाग काढायला लावला. तिच्या वडिलांच्या नावावरचे घर भावाने स्वतःच्या नावे करून घेताना हिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला होता, आणि त्याबदल्यात तिला आणि तिच्या मुलांना त्याच घरात राहू दिले होते. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा असतो, हे तिला ठाऊक होते. माझ्या अभ्यासाच्या दृष्टीने याहून बोलका पुरावा नव्हता; माहेरचा आसरा कोणत्या किमतीला मिळतो हे त्या एका व्यवहारात दिसत होते. तिने सांगितले, "भाई अच्छा है मेरा. वो लिखे तो बुरा दिखता." मी तिच्यादेखत त्या ओळी खोडल्या आणि मुद्रणाचा तो भाग पुसला. मार्गदर्शक मॅडमनी विचारले की नाव न देता वेगळ्या रूपात घेता येईल का. घेता आले असते आणि कोणाला कळलेही नसते. पण तिने खोडायला सांगितले होते ते ओळखू येईल म्हणून नव्हे, तर आपल्या भावाचे असे चित्र व्हावे हे तिला मान्य नव्हते म्हणून. प्रबंधात तो प्रसंग नाही. येथे लिहिला आहे तो नंतर तिला विचारून, तिने सांगितलेले तपशील बदलून, आणि 'भाई अच्छा है' हे वाक्य राहू द्यावे या तिच्या अटीवर.

समाजकार्याच्या संशोधकाला आणखी एक कोंडी टाळता येत नाही. समोरची बाई विचारते, "खर्चा मिलता क्या मेरेकू?" आणि उत्तर आपल्याला माहीत असते. २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, कोर्टातल्या लेखी उत्तरात 'मी तलाक दिला आहे' एवढे म्हटल्याने तलाक सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला होता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाक झालेल्या मुस्लीम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट केले. हेच कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झाले आहे. गावात यांपैकी काहीही पोचलेले नव्हते. संशोधकाने हस्तक्षेप करू नये, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो, पण विहिरीचा रस्ता माहीत असताना तहानलेल्याला फक्त त्याच्या तहानेविषयी विचारत राहणे मला जमले नाही. मी एक माहितीपत्रक केले. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणारे सखी केंद्र, महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक, आणि संजय गांधी निराधार योजनेतील वार्षिक २१ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा व लागणारी कागदपत्रे, हे त्यात होते. ते मुलाखतीआधी, आणि मुलाखत नाकारणाऱ्यांनाही दिले, म्हणजे ते बोलण्याचा मोबदला ठरू नये.

लिहिण्याच्या टप्प्यावर नाव बदलणे अपुरे ठरते. तालुक्याच्या गावी 'शिवणकाम करणारी, तीन मुली, नवरा भिवंडीला' एवढे म्हटले की अर्धा मोहल्ला ओळखतो. म्हणून गावाचे नाव काढले, व्यवसाय आणि मुलांची संख्या बदलली, आणि जेथे बदलल्याने अर्थच जाईल तेथे ते उदाहरण गाळले. गाळलेली उदाहरणे ही बहुधा सर्वांत तीव्र उदाहरणे असतात. त्यामुळे असुरक्षित गटांविषयीच्या प्रामाणिक प्रबंधातील चित्र वास्तवापेक्षा थोडे सौम्यच असणार, असे माझे मत झाले आहे.

निष्कर्षांचा मसुदा मी शिलाईवाल्या भाभींच्या घरी जमलेल्या बायांना दखनीत वाचून दाखवला. आक्षेप आला तो भलत्याच ठिकाणी. सगळे दुःखच लिहिले आहे, भिशीचे काय, असे एकीने विचारले. दरमहा ठरावीक रक्कम टाकून चिठ्ठीने एकीला उचल देणारी भिशी माझ्या नोंदींत विखुरलेली होती, पण तिला स्वतंत्र जागा मी दिली नव्हती. कोणाच्या बाळंतपणाला चिठ्ठी न काढता सर्वानुमते पहिली उचल दिली गेली, कोणाचे हप्ते इतरींनी भरले, रमजानमधील जकात, म्हणजे धर्माने सांगितलेले दान, कोणापर्यंत पोचते आणि कोणाला मागायची लाज वाटते, हे त्यांनी त्या दुपारी एकमेकींचे बोलणे तोडत सांगितले. त्यातून प्रबंधात एक नवे प्रकरण झाले, आणि मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्यावरच विचारले. परिशिष्टात सह्या का नाहीत, हा प्रश्नही आला. समितीचा ठराव, साक्षीदारांचे कागद आणि मार्गदर्शकांच्या भेटींची नोंद पुढे ठेवल्यावर तो तेथेच संपला.

क्रमांक आणि नावे जोडणारी एकमेव वही पदवी जाहीर झाल्यावर नष्ट करायची, असे त्या एक पानी मजकुरात लिहिले होते, आणि ती नष्ट केली आहे. सासरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी करून माहेरी स्वतंत्र पत्रिका मिळावी यासाठी चौघींनी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज दिले आहेत. दोघींचे झाले, उरलेल्या दोघींना नवऱ्याची सही आणायला सांगितले आहे.